टांगलेला बिल्ला

गफूरभाईंबद्दल रामकिशनला खरं म्हणजे फार थोडं माहीत होतं. त्यांचं पूर्ण नावसुद्धा त्याला त्यांच्या मयतीच्या दिवशी कळलं. चहा ते अति गोड पीत, समोरचे दात झिजून खुंट झाले होते, उजव्या कानानं ऐकू येत नसे, आणि बोलताना त्यांचे हात तोंडाच्या आधी हलत. बस, एवढंच. दोन वर्षं जवळजवळ दर रविवारी तो त्यांच्या मागून चालला. मागून चालणाऱ्याला माणसाची पाठ तेवढी ओळखीची होते.

नांदेडची मोठी गिरणी सगळ्यांना ठाऊक आहे. ही ती नव्हे. ही रुळांच्या पलीकडची धाकटी गिरणी. आसपासच्या चार गल्ल्या हिच्या भोंग्यावर उठत, जेवत आणि निजत. ती बंद पडली, बरीच वर्षं कुलपात राहिली, मग यंत्रं भंगारात गेली, पत्रे गेले, भिंती गेल्या. राहिलं ते फाटक, अर्धं धुराडं आणि मागखात्याची फरशी, म्हणजे जिथं माग चालत आणि कापड निघे ती जागा. लातूरला डॉक्टर होणाऱ्या पोरांची जत्रा भरली तेव्हा तिची चार पालं नांदेडलाही पडली. त्यातल्याच एका शिकवणीवाल्यानं गिरणीची जागा घेतली आणि एका कडेला अभ्यासिका बांधली. उरलेल्या फरशीवर पुढंमागं वसतिगृह होणार होतं.

ते व्हायच्या आत लोकांनी गिरणी बघून घ्यावी, म्हणून कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सिंधु मॅडमनी तिथं रविवार सकाळची फेरी सुरू केली. पेपरात दोन ओळी छापून आल्या. आता, फरशीवर बघण्यासारखं काही नसतं. म्हणून दाखवणारा माणूस लागला, आणि तो गफूरभाई. गिरणी चालू होती तोवर ते मागावर होते आणि बंद पडल्यावर तिथंच रखवालदार. मॅडम त्यांना चाचा म्हणायच्या, पोरंही चाचा म्हणायची.

रामकिशन पोस्टात सॉर्टर होता. इस्लापूर, किनवटकडची टपालं गाडीवर चढवण्यात त्याची नोकरी सरली. दुसऱ्यांची पत्रं आयुष्यभर हाताळली, पण स्वतः कुणाला चार ओळी लिहायच्या तर घाम फुटे. समोरच्याला काही विचारायचं म्हणजे त्याहून अवघड. पेपरातल्या त्या दोन ओळी त्यानं कापून खिशात ठेवल्या आणि पुढचे तीन-चार रविवार घरीच बसला. मग एका सकाळी पायांनीच त्याला तिकडं नेलं म्हणायचं.

त्याचे वडील सटवाजी त्या गिरणीत झाडू मारायला होते.

सूतखात्यात त्यांच्या समाजाची माणसं होती, पण मागखात्यात एकही नव्हता. त्याचं कारण उघड होतं आणि ते कुणी लपवतही नसे. मागावर जो धोटा इकडून तिकडं पळतो, त्यात सुताची नवी कांडी भरली की धाग्याचं टोक एका बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. ते काढायची एकच रीत होती. धोटा ओठाला लावायचा आणि श्वास आत ओढायचा. च्क, असा आवाज होई आणि धागा तोंडात येई. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठाला. म्हणून ज्यांचं उष्टं चालत नाही त्यांनी मागाला हात लावायचा नाही. खालची कापसाची धूळ झाडायला मात्र यायचं, तेही तोंडाला फडकं बांधून.

रामकिशन सातवीत असताना सटवाजी एका दिवशी कामाला गेले ते परत आले नाहीत. आई, पंचफुलाबाई, दुसऱ्या दिवशी फाटकावर गेली. तिथल्या माणसानं तिला भिंतीवरची फळी दाखवली. प्रत्येक कामगाराला नंबराचा पितळी बिल्ला असे. आत जाताना तो फळीवरून काढून घ्यायचा, बाहेर पडताना परत खिळ्याला टांगायचा. सटवाजींचा बिल्ला खिळ्याला होता. तुझा नवरा बाहेर पडलाय बाई, त्यानं सांगितलं, आता पुढं कुठं गेला ते आम्हाला काय विचारतीस.

तेवढ्यावर गावानं बाकीचं रचलं. सटवा निजामाबादकडं गेला, तिकडं विड्या वळणारी कुणी बाई होती, त्याला पोरंही झाली. सांगणारे इतक्या तपशिलानं सांगत की रामकिशनला त्या सावत्र भावंडांचे चेहरे दिसत. पंचफुलाबाईनं गळ्यातली काळी पोत काढली नाही. कुणी नवऱ्याचं नाव काढलं की ती एवढंच म्हणे, की त्याला जायचं असतं तर नव्या चपला घालून गेला असता. चपला घरीच होत्या. पण चपलांचं कोण ऐकतो? बिल्ला फळीवर होता. ती गेली तेव्हा पोत गळ्यातच होती, आणि ती विधवा म्हणून गेली का टाकलेली म्हणून, हे तिच्या मुलाला सांगता आलं नसतं. रामकिशनला एवढंच कळून घ्यायचं होतं, की बाप सोडून गेला का नाही. साठी उलटली तरी ते आत कुसळासारखं रुतून होतं.

पहिल्या फेरीला दहा-बारा जण होते, त्यात निम्मी शिकवणीची पोरं. मॅडम शेवटी पोहे देत हे वसतिगृहात कळलं होतं. गफूरभाई फाटकातून आत आले, फरशीच्या कडेला क्षणभर थांबले आणि चालायला लागले. सरळ नव्हे. चार पावलं पुढं, मग डावीकडं वळण, मग अंग चोरून उजवीकडं. मोकळ्या फरशीवर, जिथं तसूभर उंचीचंही काही नव्हतं, ते मागांच्या मधल्या अरुंद वाटेनं चालले होते. एके ठिकाणी त्यांनी कोपर आत घेतलं. तिथं पट्टा फिरत असे.

पोरं आधी हसली. मग त्यातला एक गंमत म्हणून त्यांच्या पावलावर पाऊल टाकत गेला, मग दुसरा. बघता बघता सगळी रांग वळणं घेत, कोपरं आवरत चालायला लागली, आणि हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. फाटकातली पिवळी कुत्री मागून येत होती. रामकिशननं वळून पाहिलं तर तीही वळणं घेत होती.

फरशीच्या पार टोकाला, अभ्यासिकेच्या भिंतीजवळ, गफूरभाई थांबले. समोर मोकळी जागा. त्यांनी मान किंचित तिरकी केली, समोरच्याचं ऐकावं तशी. मग उजव्या हाताच्या दोन बोटांनी स्वतःच्या छातीवर टकटक केलं, बोटं फाटकाकडं नेली आणि मान हलवली. मग बाजूला होऊन, वळसा घालून पुढं गेले. मागचा पोरगा सरळ निघाला होता. त्याला त्यांनी न बघता सांगितलं, "बाजूनं ये रे."

ऊन चांगलं चढलं होतं. तरी तिथून जाताना रामकिशनच्या दंडावर काटा आला. त्यानं स्वतःला समजावलं, की म्हातारा माणूस, सवयीनं करतो.

दुसऱ्या रविवारी तसंच झालं. तिसऱ्याही. तीच जागा, छातीवर तीच दोन बोटं, तोच वळसा. रामकिशन रांगेत कधी पुढं गेला नाही. गफूरभाईंनी मात्र त्याला हेरलं होतं. पोहे खाताना त्यांनी विचारलं की तुम्ही कुठले, काय करत होता. पोस्टात होतो म्हटल्यावर ते त्याला पोष्टबाबू म्हणायला लागले. "दर इतवारी येता, पोष्टबाबू. कुणाचं पत्र पोचवायचं ऱ्हायलंय का काय?" सगळे हसले. रामकिशनही हसला आणि त्यानं वडिलांचं नाव सांगायची वेळ निघून जाऊ दिली.

मग पावसाळ्यात एका रविवारी फरशी ओली होती म्हणून फेरी फाटकाच्या आडोशालाच थांबली. वेळ काढायला मॅडमनी गफूरभाईंना मागखात्यातली हाताची बोली विचारली. शेकडो माग एकदम चालले की कानाशी ओरडलेलं ऐकू येत नसे, म्हणून तिथं सगळे हातांनी आणि ओठांनी बोलत. गफूरभाईंनी दाखवलं. दोन बोटं कातरीसारखी, म्हणजे धागा तुटला. कपाळावर आडवा हात म्हणजे मुकादम आला. पोटावर मूठ म्हणजे भूक. पोरांना ते भलतंच आवडलं. अभ्यासिकेत बोलायची बंदी होती, बोललं की दंड. हे त्यांच्या कामाचं होतं.

शेवटी त्यांनी छातीवर दोन बोटांनी टकटक केलं आणि बोटं फाटकाकडं नेली.

"हे काय, चाचा?" एका पोरीनं विचारलं.

"माझा बिल्ला तू टांग," गफूरभाई म्हणाले. मग त्यांनी समजावलं. भोंगा झाला की फाटकाशी झुंबड उडे. ज्याला गाडी गाठायची तो आधी पळे, ज्याला थोडं रेंगाळायचं तो आपला बिल्ला दोस्ताकडं देई. कुणाला आत विडी ओढायची, कुणाला हौदावर अंघोळ करायची. दोस्त दोन्ही बिल्ले टांगून मोकळा. सगळेच करत. फाटकावरचा माणूस पितळ मोजायचा, तोंडं कोण बघतो?

"म्हणजे प्रॉक्सी," एक पोरगा म्हणाला. "आमच्याकडं नाही चालत. अंगठा लागतो."

"अंगठा तोडून दोस्ताकडं देता येत न्हाई, हाव," गफूरभाई म्हणाले, आणि आडोशाखाली हशा पिकला.

रामकिशन हसला नाही. त्याच्या हातातली पोह्यांची बशी तिरकी झाली होती आणि पोहे चपलेवर सांडत होते. ज्या बिल्ल्याच्या जोरावर त्याच्या आईला माणसांनी आयुष्यभर टाकलेली म्हटलं, तो बिल्ला कुणीही टांगलेला असू शकत होता.

एवढं कळूनही त्यानं तोंड उघडायला बरेच महिने घेतले. रोज तो वाक्य जुळवी आणि रविवारी ते तसंच परत घरी आणी. मधल्या काळात अभ्यासिकेची एक वेगळीच कुरबुर कानावर आली. भिंतीकडच्या टेबलांवर पोरं बसायला तयार नव्हती. शांतता पडली की मागून कुणीतरी च्क करतं, म्हणत. पाल असेल, असं शिकवणीच्या लोकांनी सांगितलं आणि भिंतीला रंग दिला. पोरं एकमेकांना कातरीची खूण करून दुसरीकडं बसायला लागली. काचेतून बघितलं तर ओळींनी टेबलं, ओळींनी माना खाली, आणि मधूनच कुठंतरी दोन बोटं हवेत. गफूरभाईंनी ते एकदा बघितलं आणि काचेपासून मागं सरकले. "पाळी भरली," एवढंच पुटपुटले.

अखेर उन्हाळ्याच्या तोंडाला गफूरभाईंना दम लागायला लागला आणि त्यांना घरी सोडायला रामकिशन गेला. घर गिरणीच्या चाळीतच होतं. त्यांची बायको हाजराबी हिनं चहा ठेवला. ही लातूरकडच्या मुरुडची. चहा देताना तिनं नवऱ्याकडं हात करून म्हटलं की यांना जरा समजवा भाऊसाब, घरात पण हातांनीच मीठ मागतात. भूकंपापासून असंच आहे.

भूकंपाचं निघालं तसं रामकिशननं खाली बघत विचारून टाकलं, की गफूरभाई, त्या टोकाला तुम्ही कुणाला खूण करता.

गफूरभाईंनी ते फार साधेपणानं सांगितलं. त्या सालापर्यंत त्यांना त्या माणसाची आठवणसुद्धा नव्हती. गिरणी बंद होती, माग जागेवर होते, वीज कधीच तोडलेली होती. ते फाटकाच्या खोलीत झोपत. पहाटे जमीन हलली आणि बंद मागखात्यातून आवाज आला. सगळे माग एकदम चालले. फार नाही, धोटा एकदा जाऊन परत येईल एवढंच. जमीन थांबली, माग थांबले. ते कंदील घेऊन आत गेले तर टोकाच्या मागाशी एक जण उभा, छातीवर दोन बोटं वाजवत.

सकाळी खबर आली. हाजराबीची बहीण औशाकडच्या एका खेड्यात दिली होती, ते अख्खं गाव मातीत गेलं. गफूरभाई तिकडं जाऊन कित्येक दिवस दगडं उपसत राहिले. ढिगाऱ्याखालून कुणी हाक देतं का ते ऐकू यावं म्हणून लष्कराची माणसं मधूनमधून सगळ्यांना गप्प करत. मग हजार माणसं उभ्या जागी थांबत आणि हातांनी बोलत. तिथं त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपलं मागखातं कुठं गेलेलं नाही. बहीण सापडली नाही. परत आले तर टोकाच्या मागाशी तो उभाच होता.

"कोण होता तो?" रामकिशननं विचारलं.

"नाव न्हाई माहीत. झाडूवाला होता. मी नवा लागलो होतो तवाचा. तोंडाला फडकं, केसात कापूस. त्याला माग चालवायचा लई शौक, पोष्टबाबू. पण त्याला कोण हात लावू देतो? भोंगा झाला, खातं रिकामं झालं की दोन पाळ्यांच्या मधी तो फडकं खाली करायचा आन् धोट्याला तोंड लावून बघायचा. च्क. मला एकट्याला ठावं होतं. मी म्हटलं, ओढ बाबा, धाग्याला काय कळून राहिलंय?"

रामकिशननं चहाची बशी खाली ठेवली.

"आन् बिल्ला टांग म्हणाला त्या दिवशी?"

त्या दिवशी गफूरभाई घाईत होते. दुसऱ्या दिवशी मुरुडला त्यांचा निकाह होता. झाडूवाल्यानं लांबून खूण केली, माझा बिल्ला तू टांग, मी थांबतो. बिल्ला त्यानं मागाच्या लाकडावर ठेवला होता. गफूरभाईंनी तो उचलला, स्वतःच्या बिल्ल्याबरोबर टांगला आणि पळाले. लग्न करून, सासुरवाडीची शेतीची कामं उरकून दोन महिन्यांनी आले तेव्हा झाडायला दुसराच कुणी होता. गिरणीत माणसं येत आणि जात. त्यांनी विचारलं नाही.

"अजून थांबलाच हाय तो," गफूरभाई म्हणाले. "मी आपला सांगतो दर वेळी, टांगला बाबा, टांगला. ऐकत न्हाई. आता मधी उभा असला माणूस, तर काय धक्का देऊन जायचं?"

हाजराबीनं चुलीकडं तोंड फिरवलं. हे तिनं आधी ऐकलेलं असावं.

रिकाम्या खात्यात पुढं काय झालं, दुसऱ्या पाळीच्या कुणी धोट्याला लागलेले ते ओठ बघितले का, आणि बघितले तर त्यांनी काय केलं, हे गफूरभाईंना माहीत नव्हतं. ते सांगू शकेल असं आता कुणी नव्हतं. पण सटवाजी फाटकातून बाहेर पडले नव्हते. निजामाबादची बाई नव्हती, विड्या नव्हत्या, भावंडं नव्हती. चपला घरी होत्या त्या यायचं होतं म्हणूनच.

रामकिशनला त्या क्षणी सगळं सांगता आलं असतं. तो माझा बाप, आणि तुम्ही टांगलेल्या त्या पितळेनं माझ्या आईचं असं असं झालं. वाक्य आयतं जुळून ओठाशी आलं, आयुष्यात पहिल्यांदाच. त्यानं समोर बघितलं. गफूरभाई बशीतला चहा फुंकत होते, झिजलेल्या दातांनी, मित्राचं एक काम केल्याच्या समाधानानं. रामकिशन म्हणाला की चहा चांगला झालाय. घरी गेल्यावर आईच्या तसबिरीपुढं तो बराच वेळ बसला आणि तिला मोठ्यानं सांगितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून जमलं.

त्यानंतर एकच फेरी झाली. पुढच्या आठवड्यात वसतिगृहाच्या पायासाठी फरशी फोडायला यंत्र आलं. खणताना काही सापडलं असतं तर गल्लीत कळलं असतं. कळलं नाही. गफूरभाई तेव्हा दवाखान्यात होते आणि तिथून ते घरी आले ते खांद्यावर जायलाच. मयतीला रामकिशन गेला. मॅडम आल्या, शिकवणीची चार पोरं आली. कबरस्तानात बोलायचं काय ते न सुचून त्या पोरांतल्या एकानं छातीवर दोन बोटं वाजवली. रामकिशननं मान फिरवली.

त्या शेवटच्या रविवारी सकाळी गर्दी नव्हती. परीक्षा जवळ आलेली, मॅडमना ताप. दोघंच होते, आणि ती पिवळी कुत्री. गफूरभाई पुढं, रामकिशन मागं, नेहमीच्या वळणांनी. पट्ट्यापाशी दोघांनी कोपरं आत घेतली. फरशीवर खणायच्या जागेच्या चुन्याच्या रेघा पडल्या होत्या आणि गफूरभाई त्या न बघता ओलांडत होते.

टोकाला ते थांबले, छातीवर बोटं वाजवली, फाटकाकडं दाखवलं, मान हलवली. वळसा घालून पुढं गेले. मग रामकिशन तिथं आला. कुत्री मागंच बसली होती, पुढं येईना. समोर मोकळी फरशी होती, मागाचे पाय बसवायची चार भोकं, त्यात साचलेली माती. त्याला काही दिसलं नाही. दिसेल असं त्याला वाटलंही नव्हतं.

त्यानं हात वर केला. फाटकाकडं बोटं नेली, तिथून हवेतलं काहीतरी खिळ्यावरून काढावं तसं काढलं, परत आणलं आणि स्वतःच्या छातीवर नाही, समोर, माणसाची छाती असते तेवढ्या उंचीवर धरलं. अशी खूण मागखात्यात होती का नव्हती, त्याला ठाऊक नव्हतं. हात बराच वेळ तसाच राहिला. बोटांच्या टोकांना गार लागलं.

आणि अगदी जवळ, कानाच्या पातळीला, बारीक आवाज झाला. च्क.

पुढं चालणारे गफूरभाई थांबले. तो आवाज त्यांच्या डाव्या कानानं ऐकला का मागची पावलं थांबली म्हणून ते थांबले, हे रामकिशननं विचारलं नाही. त्यांनी वळूनही बघितलं नाही. तिथून फाटकापर्यंत दोघं बोलले ते हातांनीच, आणि फाटकाशी निरोपही हातानंच झाला. तोंडानं बोलले ते एवढंच.

"बाजूनं या, पोष्टबाबू."

"हाव, आलो."